डाव्या हाताची धमनी झाकण्याआधी: महाधमनीच्या कमानीतल्या एका स्टेंट ग्राफ्टचं प्रकरण

रुग्ण ६९ वर्षांचे गृहस्थ, निवृत्त एसटी वाहक. तक्रार एकच: दोन महिन्यांपासून आवाज बसलाय. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पण फरक पडला नाही. पाणी पिताना ठसका लागायला लागला तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. घशात गाठ नव्हती, सूज नव्हती. उजवा स्वरतंतू नीट हलत होता, डावा मात्र जागेवर थिजलेला होता.

घशात काही नसताना डावा स्वरतंतू निकामी झाला, तर पुढची तपासणी छातीची करायची. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस घशात सरळ येत नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि मग वर परतते. कमान फुगली की ही नस ताणली जाते. एक्स-रेमध्ये डावीकडची महाधमनीची गोलाई ठळक दिसली, सीटी झाला आणि निदान झालं: कमानीच्या आतल्या वळणावर पिशवीसारखा फुगवटा, त्या जागी कमानीची एकूण रुंदी ५८ मिमी.

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे, रुग्ण प्रातिनिधिक आहे. मापं, निर्णय आणि अडचणी मात्र अशा रुग्णांत खरोखर समोर येतात त्याच.

आधीचं काय काय होतं

११ वर्षांपूर्वी हृदयाचा बायपास झालेला. ३० वर्षं बिडी, आता बंद. फुफ्फुसाची क्षमता अपेक्षेच्या निम्म्यावर. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४. हृदयाचं पंपिंग ५० टक्के. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि ॲस्पिरिन चालू.

उघडी शस्त्रक्रिया करायची तर छातीचं हाड दुसऱ्यांदा कापायचं, शरीर थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवायचं आणि कमान बदलायची. तरुण आणि धडधाकट माणसात ही शस्त्रक्रिया आजही पहिली निवड आहे, टिकायलाही चांगली. या रुग्णात मात्र हाडाच्या मागे चिकटलेल्या जुन्या बायपासच्या रक्तवाहिन्या आहेत आणि व्हेंटिलेटरवरून निघणं अवघड जाईल अशी फुफ्फुसं आहेत. म्हणून मांडीतून जाऊन आतून स्टेंट ग्राफ्ट बसवायचं ठरलं. खारकीव्हमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ साली छातीतल्या महाधमनीत पहिल्यांदा असा ग्राफ्ट बसवला आणि १९९२ पासून स्टॅनफर्डमध्ये मायकेल डेक यांच्या गटाने तो रुळवला. सरळ उतरत्या महाधमनीत हे काम आता नित्याचं आहे. कमानीत नाही, कारण तिथून मेंदूच्या आणि हातांच्या धमन्या निघतात. ग्राफ्ट म्हणजे कापड चढवलेली नळी. ती ज्या धमनीच्या तोंडावर येईल ते तोंड बंद होतं.

सीटीवरची दोन तासांची मोजणी

सीटी १ मिमीच्या कापांचा, हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेला, कवटीच्या तळापासून मांडीच्या सांध्यापर्यंत हवा. छातीपुरता सीटी घेऊन योजना आखणं ही चूक आहे. मान सुटली तर मेंदूच्या धमन्या कळत नाहीत, कंबर सुटली तर नळी आत जाईल की नाही हे कळत नाही.

कमानीचे विभाग इशिमारू यांच्या पद्धतीने शून्य ते चार असे मोजतात. उजवीकडच्या पहिल्या मोठ्या फांदीपर्यंत शून्य, तिथून डाव्या कॅरोटिडपर्यंत, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीपर्यंत, एक, कॅरोटिडपासून डाव्या हाताच्या सबक्लेव्हियन धमनीपर्यंत दोन, त्यापुढचं वळण तीन, मग सरळ उतार चार. ग्राफ्टच्या वरच्या टोकाला निरोगी भिंतीवर किमान २० मिमी पकड लागते. इथे फुगवटा सबक्लेव्हियनच्या समोरच सुरू होत होता. सबक्लेव्हियन न झाकता पकड मिळणं अशक्य. ती झाकली, म्हणजे विभाग दोनमध्ये टेकलो, तर डाव्या कॅरोटिडच्या कडेपासून फुगवट्यापर्यंत मधल्या रेषेवर २३ मिमी जागा मिळत होती. आतल्या वळणावर मोजली तर तीच जागा १७ भरत होती. वळणदार रस्त्याची आतली कड नेहमीच आखूड असते, आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच होते.

पकडीच्या जागी कमानीचा व्यास ३२ मिमी, खाली उतरत्या भागात २९. ग्राफ्ट वर ३६ आणि खाली ३२ मिमीचा, निमुळता, १५० मिमी लांब निवडला. म्हणजे वर साडेबारा टक्के मोठा, खाली दहाच्या जरा वर. फुगवट्यात १० ते २० टक्के मोठं माप घेतात. त्याहून कमी घेतलं तर पकड ढिली, जास्त घेतलं तर कापडाला घड्या पडतात आणि भिंतीवर ताण येतो. भिंत चिरलेली असेल, म्हणजे डिसेक्शन असेल, तर मात्र ० ते १० टक्क्यांवर थांबायचं.

मांडीतून वर जाताना लागणारी, कंबरेतली उजवी इलियाक धमनी ८.५ मिमी, बऱ्यापैकी सरळ. डावी ६.५, चुना साचलेली आणि नागमोडी. ग्राफ्ट वाहून नेणारी नळी २४ फ्रेंच, म्हणजे ८ मिमी. तेव्हा रस्ता उजवाच. आठ मिमीची नळी साडेसहाच्या चुनखडी धमनीत रेटली तर ती आत जातेही. बाहेर काढताना धमनी सोबत येते.

सबक्लेव्हियन: कुणाकुणाची आहे ही धमनी

या प्रकरणाचा सगळा भार याच प्रश्नावर आहे. डावी सबक्लेव्हियन झाकली तरी हात सहसा तगतो, आजूबाजूच्या वाटांनी रक्त पोचतं. त्यामुळे ती सरळ झाकून मोकळं व्हायची सवय पुष्कळ ठिकाणी होती. पण या धमनीवर हात एकटा अवलंबून नसतो. हिच्यातून डावी व्हर्टिब्रल मेंदूच्या मागच्या भागाला जाते, तिच्याच फांद्या मज्जारज्जूला रक्त देतात. आणि हिच्यातूनच लिमा निघते, छातीच्या आतली डावी धमनी, जी बायपासच्या वेळी हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडतात.

सीटीवर लिमा उघडी होती, छान वाहत होती. ११ वर्षं हृदयाची पुढची भिंत तिच्यावर जगत होती. डावी व्हर्टिब्रल ४.२ मिमी, उजवी जेमतेम २.१. मेंदूच्या मागच्या भागाचा मुख्य पुरवठाही डावीकडूनच. इथे सबक्लेव्हियन तशीच झाकणं म्हणजे त्याच टेबलावर हृदयविकाराचा झटका ओढवून घेणं, जोडीला लहान मेंदूचा स्ट्रोक. जुन्या बायपासच्या रुग्णात लिमा कुठे जोडलीय हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पण योजना आखणाऱ्याने ते स्वतः सीटीवर शोधून पाहायचं. फाइल हरवते आणि रुग्णाला फक्त 'बायपास झालाय' एवढंच ठाऊक असतं.

एक फांदी असलेला तयार ग्राफ्टही असतो, ज्याची फांदी थेट सबक्लेव्हियनमध्ये बसते. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा पहिल्या ग्राफ्टला मान्यता दिली. तो इथे बसणारा नव्हता. फांदीला व्हर्टिब्रलच्या आधी पुरेशी निरोगी लांबी लागते, आणि इथे ती १८ मिमीच होती. फांदी पुढे सरकली असती तर व्हर्टिब्रल आणि लिमा दोन्ही तिच्याखाली गेल्या असत्या.

म्हणून दोन टप्पे ठरले: आधी मानेत डाव्या कॅरोटिडपासून सबक्लेव्हियनपर्यंत बायपास, मग ग्राफ्ट आणि त्याच वेळी सबक्लेव्हियनचं मूळ बुजवणं.

पहिला टप्पा: मानेतला बायपास

डाव्या कॉलरबोनच्या वर बोटभर अंतरावर आडवा छेद. सबक्लेव्हियन सोडवून वर आणून थेट कॅरोटिडला जोडायचीही एक पद्धत आहे, पण तिच्यात धमनीला व्हर्टिब्रलच्या अलीकडे क्लॅम्प लागतो आणि तेवढा वेळ लिमा बंद पडते. या रुग्णात ते चालणार नाही. बायपासमध्ये क्लॅम्प व्हर्टिब्रल आणि लिमाच्या पुढे, हाताच्या बाजूला लागतो. हृदयाचं रक्त क्षणभरही थांबत नाही. ८ मिमीची पीटीएफईची कृत्रिम नळी, ५-० पॉलीप्रोपिलीनचा धागा, आधी सबक्लेव्हियनचं टोक, मग कॅरोटिडचं. कॅरोटिडला क्लॅम्प असताना भूलतज्ज्ञ रक्तदाब नेहमीपेक्षा २० टक्के चढा ठेवतात आणि कपाळावरच्या पट्ट्यांवरून मेंदूतल्या ऑक्सिजनवर नजर ठेवतात.

या छेदात जपायच्या गोष्टी: पुढच्या स्केलिन स्नायूवरून उतरणारी फ्रेनिक नस, जिला धक्का लागला तर छाती आणि पोटामधला श्वासाचा डावा पडदा हलायचा थांबतो आणि निम्म्या फुफ्फुसावर जगणाऱ्या माणसाला ते झेपत नाही, कॅरोटिडच्या कुशीत असलेली व्हेगस नस, आणि डावीकडेच येणारी लसिकेची मुख्य नळी, थोरॅसिक डक्ट. डावा स्वरतंतू आधीच निकामी असल्याचं शस्त्रक्रियेआधी लेखी नोंदवून ठेवायचं. नाहीतर नंतर तो दोष मानेच्या छेदावर येतो आणि खरं कारण झाकलं जातं.

ऑपरेशन निर्विघ्न झालं. दुसऱ्या दिवशी डाव्या आणि उजव्या हाताचा रक्तदाब सारखा होता, डॉप्लरवर नळी उत्तम वाहत होती. सकाळी चहा-बिस्कीट दिलं, दुपारी वरण-भात-तूप. संध्याकाळी ड्रेनच्या डबीतलं पातळ तांबूस पाणी पांढरं व्हायला लागलं, रात्रीपर्यंत दुधासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर १४० मिली.

हा पू नव्हे. ताप नाही, जखम लाल नाही. हे लसिका नळीतलं पाणी, आणि ते टेबलावर न दिसण्याला कारण आहे: उपाशी माणसाची लसिका पाण्यासारखी नितळ असते, रक्ताच्या ओलीत ती कुणाच्या लक्षात येत नाही. पोटात चरबी गेली की ती पांढरी होते. ड्रेनच्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, तपासलं. १०० मिलीमध्ये ११० मिलिग्रॅमच्या वर गेलं की शंका उरत नाही. उपाय साधा पण काटेकोर. चरबी पूर्ण बंद. भाताची पेज, फोडणी न दिलेलं डाळीचं पाणी, साय पूर्ण काढलेल्या दुधाचं ताक, साखरपाणी. घरून डबा आणणाऱ्यांना बसवून समजावून सांगावं लागतं, कारण 'तूप नाही' म्हटलं की घरचे तेलाची फोडणी देतात. चौथ्या दिवशी ६० मिली, सहाव्या दिवशी १५, आठव्या दिवशी ड्रेन काढला.

यामुळे गुरुवारी ठरलेला दुसरा टप्पा आठवडाभर पुढे गेला. फुगवटा दुखत नव्हता, फुटायची लक्षणं नव्हती, रक्तदाब १२० च्या आसपास होता, म्हणून थांबता आलं. नव्या कृत्रिम नळीभोवती ओल असताना शरीरात दुसरी कृत्रिम वस्तू घालायची घाई करू नये, असं आमचं मत आहे. पाठीत कळ आली असती तर मात्र त्याच रात्री पुढे जावं लागलं असतं.

दुसरा टप्पा: ग्राफ्ट

रक्तदाबाची सुई उजव्या मनगटात. डावं मनगट नको, त्या हातातून काम आहे. उजव्या मांडीत धमनी टोचून नळी मोठी करण्याआधीच दोन टाके-यंत्रं लावून ठेवली, घड्याळाच्या १० आणि २ वर, म्हणजे शेवटी धागे आवळले की भोक बंद. डाव्या मांडीतून ५ फ्रेंचचा पिगटेल कॅथेटर, टोकाला वेटोळं असलेली बारीक नळी, कमानीत, डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य सोडण्यासाठी. डाव्या दंडातून ६ फ्रेंचचं लांब शीथ, म्हणजे अवजारं आत नेणारी नळी, सबक्लेव्हियनमध्ये. मांडीच्या शिरेतून पेसिंगची, म्हणजे हृदयाचे ठोके बाहेरून चालवायची, वायर हृदयात. वजन ६२ किलो, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन ६००० युनिट, एसीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ २५० सेकंदांच्या वर.

कडक वायर ०.०३५ इंचाची, २६० सेमी, पुढे वळलेली. ते वळण महाधमनीच्या झडपेच्या अगदी वर टेकून राहिलं पाहिजे. झडपेतून आत शिरलं तर हृदयाच्या भिंतीला भोक पाडू शकतं. या रुग्णात आणखी एक सावधगिरी: चढत्या महाधमनीवर जुन्या बायपासच्या दोन शिरांची तोंडं होती, आणि ग्राफ्टच्या नळीचं टोकदार नाक ग्राफ्टच्या बरंच पुढे जातं. वायरचं टोक पूर्ण वेळ एका माणसाच्या नजरेत हवं, पडदा दुसरीकडे सरकला तरी.

ग्राफ्ट शरीरात घालण्याआधी त्यातली हवा काढायची. दुमडलेल्या कापडात हवा अडकते, आणि कमानीत ग्राफ्ट उघडला की ती सरळ मेंदूत जाते. ६० मिली सलाइनच्या सिरिंजने तीन-चार वेळा, हळूहळू, नळी उभी धरून, बुडबुडे थांबेपर्यंत. पाच मिनिटांचं हे काम कंटाळून उरकायचं नाही. कमानीत स्ट्रोक हीच सर्वांत मोठी भीती आहे, आणि त्यातला हवेचा वाटा आपल्या हातात असतो. दुसरा वाटा भिंतीवरच्या कचऱ्याचा: वायर आणि कॅथेटर जितके कमी फिरवाल तितकं बरं.

एक्स-रेचा सी-आर्म डावीकडे ५२ अंश झुकवला, सीटीवरूनच आधी काढलेला कोन. कोन चुकला तर कॅरोटिडची कड आहे तिथून काही मिमी सरकलेली दिसते. इथे ४ मिमी पुढे गेलं तर कॅरोटिड झाकली जायला लागते आणि तिच्यावरच नवा बायपास उभा आहे. एकाच चुकीत मेंदू, हात आणि हृदय. ४ मिमी मागे राहिलं तर आतल्या वळणावर पकड १३ मिमीवर येते. व्हेंटिलेटर थांबवून डायचा शॉट: २० मिली, सेकंदाला २०. कॅरोटिडची खालची कड पडद्यावर खुणेने आखली. त्यानंतर टेबल हलवायचं नाही, सी-आर्म हलवायचा नाही.

मग पेसिंग, मिनिटाला १८०. वरचा रक्तदाब ६० च्या खाली आला. हे नाही केलं तर अर्धवट उघडलेल्या ग्राफ्टमध्ये रक्ताचा लोंढा भरतो, शिडात वारा भरावा तसा, आणि ग्राफ्ट खाली ढकलला जातो. वायर किंचित पुढे दाबून ती बाहेरच्या वळणाला टेकवली, ग्राफ्ट उघडला, पेसिंग बंद. सगळं मिळून २० सेकंदांच्या आत. लिमावर जगणाऱ्या हृदयाला यापेक्षा लांब विश्रांती देऊ नये. दाब परत १०० वर येईपर्यंत पुढचं पाऊल टाकलं नाही.

पहिल्या शॉटमध्ये गळती

ग्राफ्ट कॅरोटिडच्या कडेला बरोबर बसला होता. कॅरोटिड मोकळी. पण फुगवट्यात डाय दिसला.

इथे हात आपोआप फुग्याकडे जातो. तो आवरायचा आणि शॉट पुन्हा संथ गतीने, एकेक फ्रेम पाहायचा. वरच्या टोकाची गळती असेल तर डाय आतल्या वळणावरून, ग्राफ्ट आणि भिंतीच्या फटीतून, महाधमनीबरोबरच फुगवट्यात उतरतो. इथे तसं नव्हतं. आधी कॅरोटिड भरली, मग मानेतली नवी नळी, मग सबक्लेव्हियन उलट्या दिशेने, आणि दोन-तीन सेकंदांनी तिच्या मुळातून डाय फुगवट्यात सांडला. म्हणजे गळती दुसऱ्या प्रकारची, अपेक्षित आणि अजून न बुजवलेल्या मुळातून. वरच्या टोकाशी आतल्या वळणावर चोचीसारखी ४ मिमीची फट होती खरी, पण तिच्यातून डाय जात नव्हता. फुगा फुगवला असता तर नसलेल्या गळतीसाठी चढत्या महाधमनीची भिंत उलटी चिरायचा धोका घेतला असता.

दंडातल्या शीथमधून प्लग, म्हणजे धमनी बुजवणारं जाळीचं बूच, बसवला. सबक्लेव्हियन १० मिमीची, प्लग १४ चा, म्हणजे ४० टक्के मोठा. १८ मिमीच्या मुळात १० मिमी लांबीचा प्लग बसतो, पण पुढे फारशी जागा राहत नाही. सोडण्याआधी शीथमधून हाताने थोडा डाय देऊन व्हर्टिब्रल आणि लिमा दोन्हींची तोंडं मोकळी असल्याची खात्री केली, ईसीजीवर नजर टाकली, मगच प्लग सोडला. प्लग पहिल्या मिनिटाला गळतो, जाळी भरायला वेळ लागतो. दहा मिनिटं थांबून घेतलेल्या शॉटमध्ये फुगवटा कोरडा होता. एकूण डाय ९५ मिली, १.४ क्रिएटिनिनला तेवढाच परवडतो.

जागं केल्यावर

टेबलावरच. 'काका, डोळे उघडा. जीभ दाखवा. दोन्ही मुठी आवळा. आता पायाचे अंगठे हलवा.' चारही हातपाय हलले. पुढचे ४८ तास दर तासाला पायांची ताकद तपासली आणि सरासरी रक्तदाब ८५ च्या वर ठेवला. मज्जारज्जूला रक्त कमी पडून पाय लुळे पडतात ते पुष्कळदा टेबलावर नाही, तर दुसऱ्या दिवशी, एखाद्या गोळीने दाब उतरल्यावर. झाकलेला भाग १५ सेमीच होता आणि व्हर्टिब्रल वाहत होती, म्हणून पाठीत ड्रेन आधीच घातला नव्हता. पण नर्सिंगच्या कागदावर ठळक लिहिलं होतं: रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या विचारल्याशिवाय सुरू करायच्या नाहीत, पाय जड वाटला तर आधी दाब वाढवायचा, फोन नंतर. क्रिएटिनिन १.६ वर जाऊन १.४ वर आलं. पाचव्या दिवशी घरी.

एका महिन्याच्या सीटीत गळती नव्हती, फुगवट्यात गुठळी धरलेली. सहा महिन्यांनी ५८ चे ५४ मिमी. आवाज पूर्ण आला नाही. डावा स्वरतंतू अजून हलत नाही, स्पीच थेरपीने उजवा त्याला जाऊन भिडायला शिकलाय. हनुवटी खाली घेऊन पाणी पिण्याची सवय लागल्यावर ठसका थांबला. नस महिनोन्महिने ताणलेली असली की ग्राफ्टनंतरही ती परत कामाला लागेलच असं नसतं, आणि हे नातेवाइकांना आधीच सांगितलेलं बरं.

पुढचा सीटी वर्षाने, मग दरवर्षी. पण त्यांच्यासाठी सीटीपेक्षा महत्त्वाची तपासणी घरीच होते. महिन्यातून एकदा दोन्ही हातांचा रक्तदाब, वहीत लिहून. डाव्याचा उजव्यापेक्षा २० ने कमी आला, किंवा डाव्या हाताने बादली उचलताना हात भरून येऊन छातीतही दुखलं, तर मानेतली नळी अरुंद होतेय असं समजून त्याच दिवशी यायचं. त्या नळीच्या पलीकडच्या टोकाला त्यांचं हृदय आहे.